आराम दिलेली कालवं

तेनेंग जार्जूच्या हातची कालवं खाऊन कुणी आजारी पडलं, असं बुकेन्दा गावात तिच्या आईच्या वेळेपासून कुणी म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं तेव्हा म्हणणारा माणूसही असा निघाला की त्याच्याशी धड भांडता येईना.

तो म्हणजे सालिफू मांगा. फेरीबोटीवर तीस वर्षं सुकाणू धरून आता घरी बसलेला. दर शुक्रवारी नमाज आटोपला की सडकेच्या कडेला तिच्या चुलीपुढच्या लाकडी ठोकळ्यावर येऊन बसायचा. बाकीची गिऱ्हाइकं उकडून सोललेली कालवं पेल्याच्या मापानं न्यायची, याला ती चालत नसत. "उकडलेलं कालव म्हणजे रबर गं, रबर," म्हणायचा. निखाऱ्यावर शिंपल्यानं जेमतेम तोंड उघडलं की लिंबू पिळायचं, लाल मिरचीत बुडवायचं आणि गट्ट. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. गेल्या पावसाळ्यात अशाच एका शुक्रवारनंतर त्याला इस्पितळात न्यावं लागलं. अकरा दिवस पडून होता. परत आला तो निम्मा होऊन, काठी टेकत.

आणि त्यानंतर तो तेनेंगच्या चुलीवरून सरळ पुढे जाऊ लागला. मान न वळवता, एक शब्द न बोलता.

आमच्याकडे वैऱ्यालासुद्धा 'कासुमाय' म्हणतात, म्हणजे शांती असो. तोही 'कासुमाय केप' म्हणतो, शांतीच आहे. मग काय भांडायचं ते भांडतात. त्या दोन शब्दांवाचून समोरून निघून जाणं म्हणजे तू माझ्या लेखी मेलीस. तेनेंगनं सुरुवातीला दोनदा स्वतःहून हाक मारली. काठी टक्‌टक् करत पुढे गेली, एवढंच उत्तर. त्या दिवशी तिनं संतापून निखाऱ्यांवर पाणी ओतलं आणि दुपारीच घरी गेली.

"म्हाताऱ्याचं पोटच नाजूक, त्यात माझा काय दोष?" असं ती बायकांना ऐकवायची. बायका माना डोलवायच्या. पण मग एका लग्नाला आलेले पाहुणे कालवं खाऊन आजारी पडले, टॅक्सीवाले पोट धरून बसले, आणि कौन्सिलचा माणूस येऊन सांगून गेला की कालवं काढणाऱ्या बायका स्वच्छता पाळत नाहीत, तेव्हा हा धंदाच बंद करावा लागेल. गावच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही खाड्यांमधला.

स्वच्छता पाळत नाहीत! छातीभर चिखलात उभं राहून तिवराच्या मुळांवरची कालवं कोयत्यानं सोडवायची, बोटं चिरून घ्यायची, आणि वर हे ऐकायचं. बायकांचं म्हणणं साधं होतं. खालच्या खाडीच्या तोंडाशी तीन वर्षांपूर्वी मोठं हॉटेल झालं. त्याचा एक नळ तिवरांतून येऊन पाण्यात सुटतो. पोटं बिघडायला लागली ती त्यानंतर. हॉटेलचा मॅनेजर म्हणे, "आम्ही पाणी शुद्ध करूनच सोडतो. पुरावा असेल तर दाखवा."

पुरावा शोधायला आली ती दिबोर जूफ. मत्स्यखात्याच्या प्रयोगशाळेतली, तिशीची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली, आणि जातीनं सेरेर.

"सेरेर आली का?" तेनेंग होडीतूनच ओरडली. "अगं बायांनो, भाताची पातेली झाका!"

"जोलांच्या पातेल्यात भात उरतो कधी?" दिबोरनं तिथल्या तिथे परतवलं. "चाटूनपुसून तुम्हीच मोकळ्या होता. आणि मालकीणबाई आल्यात, जरा उठून उभी राहा की. गुलाम कुठली."

"तुझ्या पणजीला माझ्या पणजीनं एका टोपलीभर सुक्या मासळीवर विकत घेतलीय, विचार घरी जाऊन!"

दोघी खळखळून हसल्या. तेनेंग जोला, दिबोर सेरेर, आणि या दोन जमातींचं पिढ्यानपिढ्या थट्टेचं नातं. दोन बहिणी एका होडीत होत्या, वादळात होडी दुभंगली, एक उत्तरेला लागली, एक दक्षिणेला, त्यांची ही लेकरं असं सांगतात. त्यामुळे एकमेकांना काहीही म्हणावं, रागवायचं मात्र नाही. आणि या नात्यानं काही विचारलं तर खोटं बोलायचं नाही, हेही त्यातच आलं.

दिबोरची रीत तेनेंगला आवडली. ती म्हणाली, "मावशी, मी बाटलीत पाणी भरून नेलं तर त्या घटकेचं पाणी कळेल. मॅनेजर त्या दिवशी नळ बंद ठेवेल की झालं! पण कालव दिवसरात्र पाणी ओढतं, गाळतं, आणि पाण्यात जे असेल ते पोटात साठवतं. त्याला विचारलं की खरं काय ते कळतं."

"म्हणजे चहाडखोर आहे म्हण."

"एक नंबरचं चहाडखोर. म्हणून तर मला लाडकं."

मग वरच्या खाडीतली चांगली कालवं काढून आठ जाळीच्या टोपल्या भरल्या. वरची खाडी वेगळ्या फाट्याची, तिचं पाणी दुसऱ्याच तोंडानं येतं. चार टोपल्यांना पांढरी दोरी बांधून त्या वरच्या खाडीतच टांगल्या. चारांना लाल दोरी बांधून त्या खाली, हॉटेलच्या नळापासून हाकेच्या अंतरावर. महिनाभर राहू द्यायच्या, मग आत किती जंतू साठलेत ते मोजायचं.

"राखणार कोण?" दिबोरनं विचारलं.

"मी," तेनेंग म्हणाली. नाव तिचं गेलं होतं, तिनंच राखायला हवं होतं. मनात तिनं चित्रही रंगवलं होतं: सगळ्या गावापुढे कागद वाचला जातोय, दोष नळाचा निघालाय, आणि सालिफू मान खाली घालून म्हणतोय, चुकलं बाई माझं.

"पुढच्या महिन्यात मोठ्या ओहोटीला, गुरुवारी सकाळी काढून ठेव. मी दुपारी न्यायला येते. आणि नीट सांभाळ हं."

"कालवं सांभाळायला सेरेरानं मला शिकवावं! आता एवढंच बघायचं राहिलं होतं."

हसण्याच्या भरात दिबोरनं आणखी काही सांगितलं नाही, आणि तेनेंगनं विचारलं नाही. विचारण्यात कमीपणा वाटला असता तिला.

महिना सरत आला. त्या आठवड्याच्या सोमवारी लाल दोरीच्या टोपल्या बघायला तेनेंग खाली गेली आणि पहिली टोपली वर ओढताच तिनं तोंड फिरवलं. शिंपल्यांवर करडा, बुळबुळीत थर बसला होता. वास तर गटाराचा. एक कालव तिनं सुरीनं उघडून पाहिलं, नाकाशी नेलं आणि लांब भिरकावून दिलं.

ही अशी कालवं द्यायची? परगावाहून आलेल्या पोरीच्या हातात?

तिच्या आईचा एक नियम होता. पाहुण्याच्या हाती चिखलाचं कालव द्यायचं नाही. वरच्या खाडीच्या वळणावर तळाशी वाळू आहे, पाण्याला ओढ आहे. तिथे कालवं तीन दिवस टांगून ठेवायची, मग ती आपसूक आतून धुऊन निघतात. याला बायका 'आराम देणं' म्हणतात. आराम दिलेलं कालव गोड लागतं, दाताखाली कचकच करत नाही. पूर्वी हे लग्नकार्याला, पाहुण्यारावळ्याला करायचे.

तेनेंगनं फार विचार केला नाही. हात सवयीनंच चालले. चारही लाल टोपल्या होडीत घेतल्या, वळणावर नेऊन टांगल्या. तीन दिवसांनी काढून काथ्यानं खसाखसा घासल्या. गुरुवारी दुपारी आठही टोपल्या ओल्या गोणपाटाखाली हारीनं मांडून ठेवल्या, लाल एकीकडे, पांढऱ्या एकीकडे.

"काय मावशी, यांना न्हाऊ-माखू घातलंस की काय?" दिबोर म्हणाली.

"तुम्हा सेरेरांना कधी स्वच्छ काही बघायला मिळतं का? म्हटलं, बघून घ्या एकदा."

पुन्हा दोघी हसल्या. टोपल्या गाडीत चढल्या आणि गेल्या.

दोन आठवड्यांनी सावरीखालच्या पारावर गाव जमलं. कौन्सिलचे अधिकारी खुर्चीवर, हॉटेलचा मॅनेजर इस्त्रीच्या शर्टात त्यांच्या शेजारी, बायका खाली चटयांवर. सगळ्यांत मागे, झाडाच्या मुळावर काठी घेऊन सालिफू. तेनेंगनं नवा झगा घातला होता, डोक्याला निळं फडकं. तिनं सालिफू आलाय याची दोनदा खात्री करून घेतली.

दिबोर उभी राहिली. तिचा चेहरा उतरलेला होता.

"लाल आणि पांढऱ्या टोपल्यांमध्ये फरक नाही," ती म्हणाली. "दोन्हीकडची कालवं सारखीच स्वच्छ निघाली. नळाच्या पाण्यात दोष असल्याचं यावरून म्हणता येत नाही."

चटयांवर कुजबुज उठली. मॅनेजरनं पाय पसरले. "मी तेच तर सांगत होतो. दोष हाताळण्यातच आहे." अधिकाऱ्यांनी फाईल उघडली. येत्या एक तारखेपासून दोन्ही खाड्यांमध्ये कालवं काढायला बंदी, असा कागद तयारच होता.

"मला कळत नाही," दिबोर हळू आवाजात म्हणत होती, जणू स्वतःशीच. "जंतू पाण्यात असतील तर कालवात येणारच. दोन-तीन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवलं तर ती धुऊन निघतात, पण ही तर महिनाभर तिथंच होती…"

तेनेंगला आता उमगलं. अगं आई गं! म्हणजे ती पोरगी घाणच मागायला आली होती, आणि आपण ती धुऊन दिली.

आता बोललो नाही तर धंदा गेला. बोललो तर हा शर्टवाला म्हणेल, बाईनं लबाडी केली. तेही सोसलं असतं तिनं. पण त्या बोलण्याच्या मागोमाग आणखी एक प्रश्न येणार होता. तो येणार हे तिला समोर दिसत होतं, आणि त्याचं उत्तर मागे झाडाच्या मुळावर काठी घेऊन बसलं होतं.

दिबोरची नजर फिरत फिरत तिच्यावर येऊन थांबली.

"माझी गुलाम आज गप्प का?" दिबोर म्हणाली. शब्द थट्टेचे, पण आवाजात थट्टा नव्हती. "सांग गं, लाल टोपल्यांना हात लावलास का?"

नात्यानं विचारलं होतं. तेनेंग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"लावला. सोमवारी काढल्या. वरच्या वळणावर तीन दिवस आराम दिला आणि मग दिल्या."

"बघा!" मॅनेजर खुर्चीतून उठलाच. "म्हणजे सगळा पुरावाच खोटा! या बाईनं फसवलं."

"कुणाला फसवलं रे?" तेनेंग उसळली. "फसवायचं असतं तर तुझ्या बाजूनं फसवलं असतं का? पाहुणीच्या हातात ती घाण देववली नाही मला, एवढंच!"

दोघी-तिघी हसल्या. अधिकारी हसले नाहीत. ते सावकाश बोलणारे, वयस्क गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "आणि पांढऱ्या टोपल्या? त्यांनाही आराम दिला?"

"त्यांना कशाला? त्या चांगल्याच होत्या."

दिबोरनं सुटका झाल्यासारखे डोळे मिटून घेतले.

"म्हणजे," अधिकारी म्हणाले, "खालची कालवं वाईट आहेत हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं."

आला तो प्रश्न. शेजारची बाई तिचा झगा ओढून म्हणत होती, "बस खाली, त्या सोमवारीच कळलं म्हण." तसं म्हणता आलं असतं. कुणीही मानलं असतं. तेनेंगनं मागे पाहिलं. सालिफू तिच्याकडेच बघत होता, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"तीन वर्षं ठाऊक आहे," ती म्हणाली. "नळ आला तेव्हापासून. घरात खायची ती आम्ही आराम देऊनच खातो. पोराबाळांच्या पोटात जायचं असतं ना. विकायची ती रोज विकावी लागतात, तीन-तीन दिवस कोण थांबणार? उकडलं की चालतं, म्हणायचो. कुणी बोलायचं नाही, आपापलं समजून घ्यायचं." ती सालिफूकडे वळली. "सालिफू, तू तर उकडूनही खात नाहीस. त्या शुक्रवारची कालवं खालच्या खाडीतली होती. सकाळीच काढलेली. त्याच सकाळी माझ्या घरच्यांसाठी मी वेगळी टांगून ठेवली होती, आणि तुला मात्र आराम न दिलेली दिली. वर म्हणत फिरले, म्हाताऱ्याचं पोट नाजूक."

बायकांतून कुणी रडलं, कुणी शिवी घातली. सालिफू उठला आणि काठी टेकत सडकेकडे चालू लागला.

"पुन्हा टोपल्या लावू," दिबोर म्हणाली. "या वेळी कुणी हलवणार नाही. बंदीचा कागद तोवर थांबवा, साहेब."

"आणि राखणार कोण?" मॅनेजर म्हणाला. "हीच बाई?"

"मी," सडकेवरून आवाज आला. सालिफू थांबला होता, पण वळला नव्हता. "तिची होडी, सुकाणूवर मी. अकरा दिवस मी भोगलेत. मला कोण खोटा म्हणतो बघू."

अधिकाऱ्यांनी फाईल मिटली.

महिनाभर दर ओहोटीला दोघं एका होडीत. ती वल्हवायची, तो सुकाणू धरायचा. बोलणं काय ते "डावीकडे" आणि "खडक आहे," बस. कधी तिला वाटायचं, माणसानं दोन शिव्या तरी द्याव्यात, म्हणजे मोकळं वाटेल. तो शिवीही देत नव्हता. टोपल्या मोजायचा, गाठी तपासायचा, आणि किनारा लागला की उतरून चालू पडायचा.

ठरल्या गुरुवारी दिबोर स्वतः होडीत आली. तेनेंगनं लाल टोपली वर ओढली. तोच थर, तोच वास. तिचे हात आपोआप टोपली हिसळायला पाण्याकडे वळले, आणि तिनं ते जबरदस्तीनं आवरले. आईनं शिकवलेलं सगळं तिच्या मनगटांतून ओरडत होतं. तिनं टोपली तशीच, गळत्या चिखलासकट, दिबोरच्या मांडीवर ठेवली.

"घे बाई. आयुष्यात पहिल्यांदा देतेय कुणाला अशी."

"वासावरून मला वाटलं जोलाचं जेवण आलं," दिबोर म्हणाली, पण तेनेंगचे डोळे पाहून तिनं तिचा हात धरला.

कागद आला. पांढऱ्या टोपल्या स्वच्छ, लाल टोपल्यांतले आकडे वाचताना अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. हॉटेलचा नळ बुजवायचा हुकूम निघाला. बायकांवरची बंदी गेली, पण खालची खाडी वर्षभर सगळ्यांनाच बंद झाली. तेनेंगच्या आईची, आजीची खाडी. वरची खाडी लहान, तिथे आता पाळीपाळीनं जावं लागतं, आणि पाळी आली नाही की काही बायका अजून तेनेंगकडे बघून नाक मुरडतात. ती ऐकून घेते. काढलेलं प्रत्येक कालव, वरच्या खाडीतलं असलं तरी, तीन दिवस वाळूच्या वळणावर टांगते. विकायचं काय नि घरचं काय, सगळं एकाच दोरीला.

दोन आठवड्यांनी, शुक्रवारी, नमाज सुटल्यावर काठीची टक्‌टक् आली आणि चुलीपाशी थांबली. तेनेंगनं मान वर केली नाही. केली असती आणि तो पुढे निघून गेला असता, तर ते तिला सोसलं नसतं.

ठोकळा करकरला. सालिफू बसला होता.

तिनं निखाऱ्यावर दोन कालवं ठेवली. शिंपल्यांनी जेमतेम तोंड उघडलं तशी लिंबू पिळून, मिरची लावून पत्र्याच्या ताटलीत त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ताटलीकडे पाहिलं. मग बोटानं ती परत तिच्याकडे सरकवली.

"आधी तू," तो म्हणाला.

तेनेंगनं एक कालव उचललं आणि खाल्लं. मिरचीनं की कशानं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तिनं ते पुसलं नाही. सालिफूनं ती गिळेपर्यंत वाट पाहिली, मग दुसरं उचलून तोंडात टाकलं आणि बराच वेळ चघळत राहिला.

"कासुमाय," तो म्हणाला.

"कासुमाय केप," ती म्हणाली, आणि आणखी चार कालवं निखाऱ्यावर ठेवली.